चेहऱ्याला क्रीम लावण्याआधी ट्यूब वाचा



आजचा लेख कोणत्या धड्यावर नाही. विषय तसा घरातला, आरशासमोरचा आहे. पण तो माझ्याकडे वर्गातूनच आला, म्हणून इथे लिहिते आहे.

गॅदरिंगचे दिवस होते. पाचवीतली एक मुलगी शाळेत आली ती गाल लालेलाल करून. कातडी सोललेली, वाऱ्यानेही आग होत होती. जवळ बोलावून विचारलं तर आधी काही बोलेना. मग हळूच म्हणाली, "मॅडम, मायच्या डबीतलं क्रीम लावलं. नाचात पुढच्या ओळीत गोऱ्या पोट्ट्याच ठेवतात ना, म्हणून."

मला काय बोलावं सुचलंच नाही. घरी गेल्यावर मी नाचाची ओळ आठवून पाहिली. पुढे कोण होतं, मागे कोण होतं? मुद्दाम कोणी काही केलं नव्हतं. पण पोरीने जे पाहिलं ते अगदीच खोटं होतं असं मला म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिची आई डबी घेऊन आली. "मॅडम, हे तर माह्या वांगासाठी आणलं होतं. पार्लरवाल्या बाईनं देल्लं. पंधरा दिवसांत चेहरा साफ झाला, पण बंद केलं की पहिल्यापेक्षा काळं पडते. म्हणून लावतच राहिली मी." मी डबी उलटी-पालटी करून पाहिली. पांढरी प्लॅस्टिकची डबी. कंपनीचं नाव नाही, तारीख नाही, आत काय आहे ते नाही. झाकणावर फक्त एका गोऱ्या बाईचा फोटो.

मुलीला आम्ही आरोग्य केंद्रात नेलं, तिथून त्वचारोगतज्ज्ञांकडे. महिनाभरात गाल बरे झाले. आईचं मात्र अजून चालू आहे.

अकोल्यात काय घडलं होतं

काही पालक म्हणतील, "एवढं काय मॅडम, क्रीमच तर आहे. फार तर पुरळ येईल." त्यांच्यासाठी आपल्याच भागातली गोष्ट सांगते. २०२३ च्या सुरुवातीला ती वर्तमानपत्रांत आली होती.

अकोल्यातल्या एका घरात आई आणि दोन मुली. धाकटी बायोटेक्नॉलॉजी शिकणारी. तिने ओळखीच्या ब्युटीशियनकडून गोरं करणारं क्रीम घेतलं. चेहरा उजळला, लोक कौतुक करू लागले. ते पाहून आई आणि मोठी बहीणही तेच क्रीम लावू लागल्या. २०२२ च्या सुरुवातीला तिघींनाही किडनीचा आजार झाला. एकाच घरात तिघींना एकाच वेळी असा आजार होणं डॉक्टरांना विचित्र वाटलं. शोध घेत घेत प्रकरण मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या किडनीतज्ज्ञांपर्यंत गेलं आणि क्रीम तपासलं गेलं. त्यात पारा निघाला.

चेहऱ्याला लावलेलं क्रीम किडनीपर्यंत गेलं. त्वचा म्हणजे पाणी न शिरणारं प्लॅस्टिक नव्हे. पारा कातडीतून आत शिरतो, रक्तात मिसळतो आणि शरीर त्याला बाहेर टाकायला किडनीकडे पाठवतं. तिथल्या गाळण्या त्याने बिघडतात.

हे फक्त अकोल्यातच घडलं असंही नाही. केरळमधल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण पाहिले. त्यातल्या १५ जणांत त्या आजाराचा एक दुर्मीळ प्रकार सापडला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाचं क्रीम लावत असल्याचं सांगितलं.

अकोल्यातली ती मुलगी शिकलेली होती, विज्ञानाची विद्यार्थिनी होती. त्यामुळे "अडाणी बायका असं करतात" हा समज आपण सोडून द्यायला हवा. मी स्वतः डी. एड. झालेली बाई, माझंही तेच झालं. ते पुढे सांगते. आधी वांग म्हणजे काय ते पाहू.

वांग म्हणजे नेमकं काय

आपल्या त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य बनवतात. मेलॅनिन म्हणजे शरीराची छत्रीच. ऊन आलं की पेशी जास्त मेलॅनिन बनवतात आणि आतल्या थरांचं रक्षण करतात. वावरात निंदणाला गेलेल्या बाईचे हात काळवंडतात ते याचमुळे. तो काही मळ नाही.

कधीकधी चेहऱ्याच्या काही भागातल्या पेशी जरा जास्तच काम करू लागतात. मग दोन्ही गालांवर, कपाळावर, नाकावर, वरच्या ओठावर तपकिरी पट्टे दिसतात. यालाच आपण वांग म्हणतो, डॉक्टर मेलाझ्मा म्हणतात. गरोदरपणात ते येतं, पाळणा लांबवायच्या गोळ्यांनी येतं, घराण्यात असेल तरी येतं. ऊन तर या सगळ्यांत तेल ओततंच. अकोला-अमरावतीच्या उन्हाबद्दल मी वेगळं काय सांगू? एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो ते आपण दरवर्षी सोसतो. उन्हासोबत चुलीची धगही वांग वाढवते.

वांगाने जिवाला धोका नाही. ते दुखत नाही, संसर्गाने पसरत नाही. पण आरशात रोज दिसतं, लोक रोज विचारतात. म्हणून उपचार करावासा वाटणं साहजिक आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि डॉक्टरांकडे त्यावर खरे उपचार आहेतही. फक्त वांग हळूहळू जातं, पूर्ण जाईलच असं नाही आणि ऊन लागलं की परत येतं. हे तिन्ही मान्य असतील तरच उपचाराला बसावं. पंधरा दिवसांत साफ करून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहावं.

प्रत्येक काळा डाग वांग नसतो

हा भाग शिक्षकांनी जरा नीट वाचा, कारण हे डाग वर्गात आपल्याला रोज दिसतात.

मानेवर, काखेत काळी, जाड, मखमलीसारखी कातडी असलेली मुलं आपल्या वर्गात असतात. आपण सहज म्हणून जातो, "मान घासून ये रे उद्या." आई बिचारी दगडाने घासते. पण बऱ्याचदा तो मळ नसतोच. वजन वाढलेल्या मुलांत ती इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकते, पुढे मधुमेहाचा धोका असल्याची. अशा मुलाला घासणी किंवा क्रीम देऊन उपयोग नाही, त्याला तपासणीला पाठवायला हवं. मी स्वतः दोन-तीन पोरांना मानेवरून बोलले आहे. आता वाईट वाटतं.

बिब्बा उतला की कातडी भाजते आणि मागे काळा डाग राहतो. पिंपल्स फोडले की डाग राहतो. लिंबू चोळून उन्हात गेलं तर फोड येऊन काळे पट्टे पडतात. म्हणजे डाग घालवायला लावलेलं लिंबूच नवा डाग देतं. मुलांच्या गालावर फिकट, खरखरीत ठिपके असतात, त्यांना आपल्याकडे शिबं म्हणतात. त्यांना मॉइश्चरायझर आणि उन्हापासून जपणं बहुतेक वेळा पुरतं.

आणि एक डाग असा आहे की त्यावर क्रीम लावत वेळ घालवूच नये. फिकट किंवा लालसर चट्टा, ज्यावर स्पर्श कळत नाही, घाम येत नाही. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. अमरावतीच्या तपोवनचं काम आपल्याला ठाऊक आहे. आज या रोगाची गोळ्यांची औषधं सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि लवकर सुरू केली तर व्यंग येत नाही. म्हणून डोळे मिटायला लावून कापसाच्या बोळ्याने चट्ट्यावर हलकेच टेकवून पाहा. कळलं नाही तर सरळ आरोग्य केंद्र गाठा.

तिळासारखा डाग वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या होत असतील, रक्त येत असेल, तर तेही डॉक्टरांचंच काम.

उजळवणाऱ्या क्रीममध्ये काय असतं

बाजारात नावं शेकडो आहेत, पण आतले पदार्थ मोजकेच. तेवढे ओळखता आले की अर्धं काम झालं.

पहिला, हायड्रोक्विनोन. मेलॅनिन बनवायला त्वचेला एक विकर लागतं. हायड्रोक्विनोन त्या विकराचं काम मंद करतं. वांगावरचं हे जुनं आणि परिणामकारक औषध आहे. औषध हा शब्द महत्त्वाचा, ते सौंदर्यप्रसाधन नाही. युरोपात तर सौंदर्यप्रसाधनांमध्ये ते त्वचा उजळवण्यासाठी घालायलाच बंदी आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं. जास्त काळ, जास्त प्रमाणात लावलं तर उलटा परिणाम होतो. कातडी निळसर-काळी पडते आणि तो डाग मग जाता जात नाही.

दुसरा, ट्रेटिनॉइन. हे वरची जुनी कातडी लवकर उतरवतं आणि इतर औषधं आत पोचायला मदत करतं. त्यामुळे जळजळ होते, ऊन सोसत नाही. गरोदर बाईने लावायचं नाही.

तिसरा, स्टिरॉइड. नावाच्या शेवटी बहुधा 'सोन' किंवा 'सोल' येतं. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल. फ्लुओसिनोलोनच्या शेवटी 'लोन' येतं, पण तेही स्टिरॉइडच. यांनी लाली आणि जळजळ दबते, रंगही उजळतो. १९७५ साली क्लिगमन आणि विलिस या अमेरिकी डॉक्टरांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड एकत्र करून उपचार मांडला. आज मिळणारी तिहेरी क्रीम त्याच घरातली. डॉक्टर ती काही आठवड्यांसाठी देतात आणि बंद करतात. आपण मात्र ती वर्षभर पावडरीसारखी लावतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ येतं, लव वाढते आणि क्रीम बंद केलं की चेहरा भडकतो. ही सवयच लागते. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०११ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. यानंतर २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत घातली.

चौथा, पारा. हा औषधांत बसतच नाही, हे विष आहे. पारासुद्धा त्याच विकराला अडवतो म्हणून चेहरा झपाट्याने उजळतो. स्वस्त असतो म्हणून घालतात. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला परवानगी नाही. नकळत आलाच तर दहा लाख भागांत एक भाग, म्हणजे १ पीपीएमच्या वर चालत नाही. हे प्रमाण मुलांना समजावताना मी कापूस घेते. दहा क्विंटल कापसात एक ग्रॅम सरकी मिसळली तर ते झालं १ पीपीएम. मिनामाता नावाच्या जागतिक करारानेही अशा पाऱ्याच्या प्रसाधनांवर बंदी आणली आहे. भारत २०१८ पासून त्यात आहे.

याशिवाय अझेलिक अ‍ॅसिड, कोजिक अ‍ॅसिड, नायसिनामाइड, व्हिटॅमिन सी असे सौम्य पदार्थ असतात. यांचा परिणाम हळू होतो. गरोदरपणात किंवा त्वचा नाजूक असेल तर डॉक्टर बऱ्याचदा अझेलिक अ‍ॅसिड निवडतात.

ट्यूब कशी वाचायची

आता माझी गोष्ट. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या गालांवर वांग आलं. एका मैत्रिणीने तिची ट्यूब सुचवली. मेडिकलमधून आणली, चिठ्ठी कोणी मागितली नाही. महिन्यात चेहरा असा काही उजळला की स्टाफरूममध्ये सगळ्या विचारायला लागल्या, आणि मी दोघींना तीच ट्यूब सांगितली. चार महिन्यांनी उन्हात उभं राहवेना. गाल तापल्यासारखे, नाकाशेजारी लाल शिरा. अमरावतीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ट्यूबमध्ये काय होतं?" मला फक्त वरचं मोठं नाव माहीत होतं. खालची बारीक अक्षरं मी कधी वाचलीच नव्हती. रोज पोरांना "धडा पूर्ण वाचा रे" म्हणणारी मी.

मग त्या दोघींना फोन करून सांगावं लागलं. तो फोन मला अजून आठवतो.

तेव्हापासून मी ट्यूब अशी वाचते :

१. उभी लाल पट्टी आहे का? शेजारी आरएक्स अशी खूण आहे का? असेल तर ते चिठ्ठीचं औषध आहे. मैत्रिणीच्या, नणंदेच्या किंवा पार्लरवाल्या ताईच्या सांगण्यावरून घ्यायचं नाही.

२. उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि परवाना क्रमांक आहे का? परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक आहे का? यातलं काहीच नसेल तर डबी विकतच घेऊ नये, फुकट दिली तरी नाही.

३. घटकांत 'मर्क्युरी', 'मर्क्युरिक', 'मर्क्युरस', 'कॅलोमेल' असं काही लिहिलंय का? असेल तर प्रश्नच मिटला. पण पारा घालणारा तो लिहीलच असं नाही. म्हणून आणखी एक खूण लक्षात ठेवा. "सोनं, चांदी, अ‍ॅल्युमिनियमला लागू देऊ नका" अशी सूचना असेल तर पाऱ्याची शंका घ्यावी, कारण पारा या धातूंना धरतो.

४. हायड्रोक्विनोन किती टक्के आहे? २ की ४? स्टिरॉइड आहे का? डॉक्टरांनी दिलेल्या ट्यूबचंही हे वाचून घ्यावं आणि विचारावं, "डॉक्टर, किती दिवस लावू? बंद कधी करू?" यात डॉक्टरांचा अपमान नाही.

डॉक्टरांनी दिलेलं क्रीम कसं लावायचं

आधी चाचणी. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थेंबभर लावून एक-दोन दिवस पाहायचं. खाज, लाली, फोड आले तर चेहऱ्याला लावायचं नाही, डॉक्टरांना कळवायचं.

हायड्रोक्विनोनचं क्रीम बहुतेक वेळा रात्री लावायला सांगतात. चेहरा साध्या साबणाने धुऊन कोरडा करायचा आणि पातळ थर फक्त डागावर लावायचा. सगळ्या चेहऱ्याला फासायचं नाही, नाहीतर डाग आणि आजूबाजूची कातडी दोन्ही फिकट होऊन फरक तसाच राहतो. डोळे, ओठांच्या कडा, नाकपुड्या आणि कापलेली-सोललेली जागा सोडायची. लावून झालं की हात धुवायचे, लहान बाळ शेजारी झोपत असेल तर विशेष काळजी घ्यायची. पिंपल्सचं बेंझॉइल पेरॉक्साइड त्याच जागी लावायचं नाही, कातडीवर तात्पुरते डाग पडतात. क्रीम तपकिरी पडलं असेल तर ते खराब झालं समजून टाकून द्यावं.

फरक दिसायला एक-दोन महिने लागतात. दोन-तीन महिन्यांत काहीच फरक नसेल तर लावत राहण्यात अर्थ नाही, परत डॉक्टरांकडे जावं. फरक पडला तरी सांगितलेल्या मुदतीनंतर थांबायचंच. मी कॅलेंडरवर सुरुवातीच्या तारखेला आणि संपण्याच्या तारखेला गोल करते, मुलांच्या लसीच्या तारखांना करायची तसा. गरोदर आहात, दिवस राहण्याची शक्यता आहे किंवा बाळ अंगावर पितं आहे, तर हे आधीच सांगायला विसरू नका. वांगासाठी काही जण गोळ्याही देतात. त्यातल्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांनी काही जणांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, त्या तर मनाने अजिबात घेऊ नयेत.

आणि रात्री क्रीम, दिवसा उघड्या चेहऱ्याने ऊन, असं केलं तर एका हाताने भरायचं आणि दुसऱ्याने सांडायचं. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वरचं. तर्जनी आणि मधलं बोट यांवर काढलेल्या दोन ओळी चेहऱ्या-मानेला लागतात. बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा लावायचं. महिनाभराचा खर्च परवडत नसेल तर सुती दुपट्टा, रुंद काठाची टोपी आणि छत्री यांनीही बराच फरक पडतो. आपल्याकडे गाडीवर तोंड बांधून जायची पद्धत आहेच. फक्त दुपट्टा जाडसर, गडद आणि स्वच्छ असावा. वावरात जाणाऱ्या बायांना दुपारी बारा ते चार ऊन टाळा म्हणणं सोपं, जमणं अवघड. पण सकाळी लवकर जाऊन दुपारी सावलीत थांबता आलं तर चेहऱ्यासाठीच नव्हे, उष्माघातासाठीही ते बरंच.

ज्यांनी आधीच बिनानावाचं क्रीम लावलंय त्यांनी काय करावं

पाऱ्याची शंका असेल तर लगेच बंद करा आणि डबी झाकण लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. डॉक्टरांना दाखवायला ती लागेल. ते वापरलेले टॉवेल, उशीचे अभ्रे वेगळे काढा. पारा हवेतही मिसळतो, म्हणून न लावणाऱ्या लेकरांनाही त्रास होऊ शकतो. सकाळी डोळ्यांखाली सूज, पायावर सूज, लघवीला खूप फेस, हात थरथरणं, झोप न लागणं यातलं काही असेल तर थांबू नका. लघवीतल्या प्रथिनांची साधी तपासणी तालुक्यालाही होते. डॉक्टरांना आवर्जून सांगा की मी अमुक महिने क्रीम लावत होते. आपण सांगितलं नाही तर क्रीमचा विचार त्यांच्या मनात कसा येणार?

स्टिरॉइडची ट्यूब बरेच महिने लावली असेल तर मात्र एकाएकी मनाने बंद करण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. चेहरा भडकू नये म्हणून ते टप्प्याटप्प्याने उतरवतात. अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय, अमरावतीचं इर्विन, पीडीएमसी ही आपल्याला जवळची मोठी रुग्णालयं आहेत. बिनानावाचा माल कोणी विकत असेल तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात तक्रार करता येते.

आणि आपला वर्ग

लहान मुलांच्या चेहऱ्याला उजळवणारं कोणतंही क्रीम लावायचं नाही, गॅदरिंग असो की मामाचं लग्न. एवढं एक वाक्य पालकसभेत सांगितलं तरी पुष्कळ.

वर्गात मी दोन गोष्टी केल्या. पाचवीच्या मुलांना घरून रिकाम्या वेष्टनांवरची माहिती लिहून आणायला सांगितली. बिस्किटं, साबण, मलम, काहीही. तारीख कुठे, वजन किती, घटक कोणते, पत्ता कुणाचा. भाषेचा आणि गणिताचा तास एकत्र झाला. एका मुलाने आजोबांच्या मलमाची मुदत संपल्याचं शोधून काढलं आणि घरी जाऊन फेकायला लावलं. त्याचा भाव दोन दिवस उतरला नाही.

दुसरी गोष्ट नाचाच्या ओळीची. आता आम्ही पटाच्या क्रमाने उभं करतो आणि प्रत्येक कडव्याला ओळ बदलतो. मागची पुढे, पुढची मागे. बसवायला दोन दिवस जास्त लागतात, पण जमतं. "काळ्या", "काळू" या हाकाही वर्गात बंद केल्या. सुरुवात आम्हा मोठ्यांपासून करावी लागली, कारण लाडाने का होईना, त्या हाका आमच्याच तोंडात होत्या.

त्या मुलीच्या आईचं वांग अजून आहे. तिला आता चिठ्ठीवरची ट्यूब मिळाली आहे आणि कधी थांबायचं त्या तारखेला मुलीनेच कॅलेंडरवर गोल केला आहे. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, हळू हळू जाते म्हणे. जाऊ द्या, हळूच जाऊ द्या."

तुमच्या शाळेत, घरात असा अनुभव आला असेल तर पालकसभेत नक्की बोला. आणि आज संध्याकाळी घरातली एक ट्यूब हातात घ्या. खालची बारीक अक्षरं मुलांकडून वाचून घ्या.